गच्चीचे अकरा आकडे

"पाणी क्यां जशे, बेन?"

पाणी कुठे जाणार, असं मिस्त्रींनी गुजरातीत विचारलं तेव्हा माझ्या हातात गच्चीचा नकाशा होता आणि त्यावर पाण्याचा ढाळ दाखवणारे चार बाण काढलेले होते. मी बाणांकडे बोट दाखवलं. त्यांनी कागद घेतला, उलटा धरला, सुलटा धरला आणि म्हणाले, बाण दिसला, पण इथे किती आणि तिथे किती? मी म्हटलं, शंभराला एक, म्हणजे शंभर सेंटिमीटरला एक सेंटिमीटर उतार. ते मान हलवून कामाला लागले. शंभराला एक म्हणजे कुठून कुठपर्यंत, हे मी सांगितलं नाही आणि त्यांनीही पुन्हा विचारलं नाही.

त्या घरात पहिल्याच पावसाळ्यात जिन्याच्या दारापाशी पाणी साचलं. फार नाही, बोटाचं एक पेर बुडेल एवढं. पण ते उंबऱ्याखालून आत झिरपलं आणि जिन्याच्या भिंतीला छतापासून खाली ओलीचा नकाशा उमटला. त्या घरच्या आजी रोज सकाळी पोतेरं घेऊन वर जायच्या. मला कोणी एक शब्द बोललं नाही. मी मात्र ती भिंत तीनदा जाऊन पाहिली आणि दरवेळी तोच प्रश्न आठवत खाली उतरले.

मी बडोद्यात रावपुऱ्यातल्या एका छोट्या वास्तुरचना कार्यालयात काम करते. दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे दांडिया बाजारातल्या एका मराठी कुटुंबाचं काम आलं. जुना वाडा उतरवून तिथे तीन मजली घर बांधायचं होतं. जुन्या घराला कौलं होती. कौलारू छपरात ढाळ डोळ्यांना दिसतो, पावसाचा थेंब कुठून निघून कुठे पडणार हे लहान मूलही सांगतं. सपाट गच्चीचा ढाळ दिसत नाही. सहा मीटरला सहा सेंटिमीटर, एवढ्याशा फरकावर सगळा कारभार चालतो. म्हणून या वेळी मी सरांना सांगितलं की गच्ची मी रेव्हिट या त्रिमितीय मॉडेलच्या सॉफ्टवेअरमध्ये पूर्ण ढाळासकट बसवणार, बाण काढून सोडून देणार नाही. सर म्हणाले, दोन दिवस घे. मला आठ लागले.

जागा जुन्या वस्तीतली, अरुंद आणि खोल. कठड्याच्या आतून गच्ची ६ मीटर रुंद, १५ मीटर लांब. दोन्ही लांब बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती, तिकडे पाणी सोडायचा प्रश्नच नाही. पाणी जाणार ते पुढे रस्त्याकडे नाहीतर मागच्या चौकात. पुढच्या उजव्या कोपऱ्याखाली दुकानाचं शटर आणि पाटी येणार होती, म्हणून पुढे पाईप एकच, डाव्या कोपऱ्यात. मागे दोन, दोन्ही कोपऱ्यांत. मधोमध आडवा वरंबा, म्हणजे सर्वांत उंच रेघ, तिथून निम्मं पाणी पुढे आणि निम्मं मागे. जिन्याची खोली उजव्या भिंतीला लागून, बरोब्बर या वरंब्यापासून मागे, आणि तिचं दार पुढच्या बाजूला उघडणारं. हे दार लक्षात ठेवा, सगळी गोष्ट त्याच्याभोवती फिरते.

पहिला दिवस एका चुकीत गेला. मी स्लॅब आणि वरचा कोबा, म्हणजे ढाळ देण्यासाठी घालायचा विटांच्या तुकड्यांचा थर, हे एकाच छपराचे दोन थर म्हणून घेतले, 'मॉडिफाय सब-एलिमेंट्स' निवडलं आणि कोपऱ्यातला बिंदू उचलून त्याला उंची दिली. वरून पाहिलं तर छान उतरती गच्ची. छेद घेतला, म्हणजे उभं कापून पाहिलं, तर खालच्या बेडरूमचं छतही तिरकं! सॉफ्टवेअरने सगळी जाडी तशीच ठेवून अख्खं छपर वाकवलं होतं. कारण साधं होतं. थरांच्या यादीत प्रत्येक थरापुढे 'व्हेरिएबल' असा एक चौकोन असतो. ज्या थरावर खूण केली त्याचीच जाडी बदलते, बाकीचे थर आणि तळ जागच्या जागी राहतात. एका छपरात अशी खूण एकाच थराला करता येते. मी शेवटी १५० मिमीचा स्लॅब वेगळा, सपाट ठेवला आणि त्यावर कोब्याचं वेगळं छपर बसवलं. विटांच्या तुकड्यांच्या कोब्याला व्हेरिएबलची खूण केली, वरचा २५ मिमीचा चायना मोझॅक, म्हणजे चकचकीत फरशीच्या तुकड्यांचा थर, एकसारखा ठेवला. पुढे स्ट्रक्चरल इंजिनिअरला फक्त स्लॅब पाठवायचा होता, तेव्हा या वेगळेपणाचा फार उपयोग झाला.

दुसरी गोष्ट शिकले ती सुरुवातीच्या जाडीबद्दल. कोबा १२५ मिमीचा घेऊन पाईपकडचा बिंदू खाली दाबता येतो, किंवा ५० मिमीचा घेऊन बाकीचे बिंदू वर उचलता येतात. उत्तर एकच येतं, पण दाबताना थराच्या जाडीपेक्षा जास्त दाबलं की काम अडतं. मी वर उचलायचं ठरवलं. पाईपच्या तोंडाशी कोबा कमीत कमी ५० मिमी हवा, तो माझा शून्य. बाकी सगळं त्या शून्यापासून वर. गवंडीही साईटवर असंच करतो, आधी पाईपचं तोंड पक्कं करतो आणि मग मागे सरकतो.

आता पुढचा निम्मा भाग, ६ बाय साडेसात मीटर. चार कोपऱ्यांना मी नावं दिली. अ म्हणजे पुढचा डावा, जिथे पाईप आहे. ब पुढचा उजवा. क म्हणजे वरंब्याचं उजवं टोक, जिन्याच्या दारापाशी. ड वरंब्याचं डावं टोक. अ शून्यावर. ब त्याच्यापासून ६ मीटर लांब, शंभराला एक म्हणजे ६० मिमी वर. ड साडेसात मीटर लांब, म्हणून ७५ मिमी वर. राहिला क. सगळा भाग एकाच सपाट फळीसारखा तिरका ठेवायचा तर क ला ६० आणि ७५ मिळून १३५ मिमी उंची द्यावी लागते. त्यात खालचे ५० आणि मोझॅकचे २५ मिळवले की दारापाशी गच्ची स्लॅबपासून २१० मिमी वर येते.

आणि जिन्याच्या दाराचा उंबरा स्लॅबपासून १०० मिमीवर होता.

मी तो छेद बराच वेळ पाहत बसले. पडद्यावर गच्चीची रेघ दाराच्या फळीच्या पोटात शिरली होती. आधीच्या घरात हेच झालं असणार. तिथे कोणी छेद काढला नव्हता, मी बाण काढले होते. बाणाला जाडी नसते, त्यामुळे लांबचं टोक किती वर जाणार हे कागदावर कुठेच आलं नाही. साईटवर मिस्त्रींना दार समोर दिसत होतं, म्हणून त्यांनी दारापाशी कोबा पातळ केला आणि तिथे खळगा राहिला. त्यांनी दार वाचवलं, पाणी माझ्या नकाशाने अडवलं.

मग क ला १३५ वरून खाली आणून ड च्या बरोबरीने ७५ वर ठेवलं, म्हणजे वरंबा समपातळीत आला. तरीही दारापाशी ५०, ७५ आणि २५ मिळून १५० मिमी होतातच. ढाळ कमी करून दीडशेला एक करावा का, असं एकदा मनात आलं. पण विटांच्या कोब्यात हाताने काम होतं, चार-पाच मिमीचा उंचसखलपणा राहतोच, आणि इतक्या मंद ढाळावर तेवढाही पाणी धरून ठेवतो. मला ते मान्य नव्हतं. सरांशी बोलले. स्लॅब अजून भरायचा होता हे आमचं नशीब. जिन्याला शेवटी १६० मिमीची एक पायरी वाढवली आणि तिच्यावर १०० मिमीचा उंबरा घेतला. आता उंबरा स्लॅबपासून २६० वर, तयार गच्चीपासून ११० मिमी वर. जिन्याच्या खोलीची उंची तेवढीच वाढवली. एका पायरीचा खर्च काही फार नव्हता. हेच गच्ची झाल्यावर कळलं असतं तर दाराची चौकट उखडावी लागली असती.

पण क खाली आणल्याने नवी अडचण उभी राहिली, आणि तिच्यातच माझे तीन दिवस गेले. अ शून्य, ब ६०, क ७५, ड ७५. हे चार बिंदू आता एका सपाटीत बसत नाहीत. टेबलाच्या एका पायाखाली कागदाची घडी घातल्यासारखं होतं. चौकोन वाकवायचा तर कुठेतरी घडी पडणारच, आणि ती दोन प्रकारे पडू शकते. एक अ पासून क पर्यंत, दुसरी ब पासून ड पर्यंत. मी घडी सांगितली नाही, म्हणून सॉफ्टवेअरने आपली एक घडी घातली, ब पासून ड पर्यंतची. चित्र ठाकठीक दिसत होतं. ढाळ दाखवणारे आकडे टाकल्यावर दारासमोरच्या त्रिकोणात पाचशेला एक असा ढाळ दिसला.

मी पेन्सिल घेऊन हिशेब केला. ब-क-ड या त्रिकोणात वरंब्यावर आडवा ढाळ शून्य, कारण क आणि ड दोन्ही ७५. उजव्या भिंतीशी ब पासून क पर्यंत साडेसात मीटरात चढ फक्त १५ मिमी. म्हणजे पाचशेला एक, आणि त्याला मदत करणारा दुसरा कुठला ढाळ नाही. हे पाणी नीट वाहणार नाही, तिथेच रेंगाळणार, आणि नेमकं दारासमोर.

मग 'ॲड स्प्लिट लाईन' घेऊन मी स्वतः अ पासून क पर्यंत रेघ ओढली. उंची एकाही बिंदूची बदलली नाही. आता उजवीकडचा त्रिकोण अ-ब-क झाला. त्यात भिंतीशी चढ तोच १५ मिमी, पण आडवा ढाळ, ब कडून अ कडे, शंभराला एक. डावीकडच्या अ-क-ड मध्ये वरंब्याकडून पुढे शंभराला एक. अ-क ची रेघ दरी झाली, दोन्ही बाजूंचं पाणी तिच्यात उतरून थेट पाईपकडे जाणार. चार उंच्या त्याच, एक घडी फिरवली आणि गच्ची वाहती झाली. मला त्या क्षणी खरोखर आनंद झाला. शेजारच्या टेबलावरच्या मुलाला बोलावून मी दोन्ही चित्रं दाखवली. कागदाचा चौकोन कापून, दोन्ही प्रकारे दुमडून त्याच्या हातात दिला. तुम्हीही करून पाहा, कळायला याहून सोपा मार्ग मला सापडलेला नाही.

मागचा भाग तितका अवघड गेला नाही. दोन कोपऱ्यांत दोन पाईप, मधे थोडा उंचवटा, जिन्याच्या खोलीच्या दोन मागच्या कोपऱ्यांना एकेक बिंदू. खोली वरंब्याला लागून असल्याने पाणी तिच्यापासून दूर जात होतं, तिच्या अंगावर येत नव्हतं. पाण्याच्या टाकीचे खांब कोब्याच्या आधी स्लॅबवरूनच उठवले, एवढंच. भिंत आणि गच्ची मिळते तिथली गोलाई (वाटा), पाईपच्या तोंडापाशी करायचा ४५ सेंटिमीटरचा चौरस खळगा, कठड्याच्या भिंतीवर ३० सेंटिमीटर चढवायचं वॉटरप्रूफिंग, हे मी मॉडेलमध्ये बसवलं नाही, वेगळ्या तपशिलात काढून दिलं. प्रत्येक गोष्ट त्रिमितीत करायचा हट्ट धरला की ज्या चार उंच्यांवर सगळं अवलंबून आहे त्यांच्याकडे लक्ष द्यायला वेळ उरत नाही, असं माझं मत आहे.

पाईप किती मोठा, हा प्रश्न बडोद्यात सहज सोडून देण्यासारखा नाही. ३१ जुलै २०१९ ला इथे एका दिवसात सुमारे ५०० मिमी पाऊस झाला. विश्वामित्री नदीचं पाणी वस्तीत शिरलं, मगरी रस्त्यांवर आल्या, ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं. पाऊस काही चोवीस तास सारखा पडत नाही, तो एका दोन तासांत कोसळतो. तासाला १०० मिमी पाऊस धरला तर १०० मिमी व्यासाचा एक उभा पाईप साधारण ४२ चौरस मीटर छपराचं पाणी नेतो. आमच्या पुढच्या भागाचं क्षेत्रफळ ४५. पाईप एकच, म्हणून तो एक माप मोठा घेतला. शिवाय कठड्यात एक पनाळ ठेवली, पाईपच्या तोंडापेक्षा ५० मिमी वर. तोंड तुंबलं तर पाणी चढून दारापर्यंत पोचण्याआधी पनाळीतून रस्त्यावर पडेल आणि घरच्यांना लगेच कळेल.

तोंड तुंबतं कशाने, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको. उत्तरायणाला अख्खं बडोदं अगाशीवर असतं. १४ जानेवारीचे फाटके पतंग आणि मांजाचे गुंते जाळीत अडकतात आणि पाच महिने तिथेच पडून राहतात. पहिला पाऊस आला की कागदाचा लगदा होतो. घरच्या काकूंना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, मग जाळी उचलता येईल अशीच लावा ना, मीच साफ करीन." तशी लावली. काकूंचा दुसरा प्रश्न वाळवणाचा होता. ढाळ इतका नको की पापडाची साडी घसरेल आणि खाटेचा पाय हलेल. शंभराला एक ढाळावर असं काही होत नाही. आमच्या कार्यालयाच्या वरच्या गच्चीवर तेवढाच ढाळ आहे, तिथे मी त्यांना नेऊन खाटेवर बसवलं. त्यांना ढाळ जाणवलाही नाही.

एक फायदा मला अपेक्षित नव्हता. थराचं घनमान सॉफ्टवेअर आपोआप मोजतं. जिन्याची खोली वगळून कोबा सुमारे साडेसात घनमीटर भरला. घनमीटरला दोन टन धरले तर पंधरा टन वजन. इंजिनिअरला हा आकडा कळवला, कारण सगळ्यांत जाड कोबा मधल्या वरंब्यावर येत होता आणि तिथली तुळई त्याला पुन्हा तपासायची होती. त्याने तपासली.

साईटवर मी मॉडेलचं रंगीत चित्र नेलं नाही. एक कागद नेला, त्यावर गच्चीची बाह्यरेषा, घडीच्या रेघा आणि अकरा आकडे, पनाळीच्या तळासकट. मिस्त्री तेच होते, आधीच्या घराचे. त्यांनी कागद पाहिला आणि या वेळी काही विचारलं नाही. पारदर्शक नळीत पाणी भरलं, एक टोक पाईपच्या तोंडाशी धरलं, दुसरं टोक त्यांच्या मुलाने ब जवळ नेलं. नळीतलं पाणी थांबलं तिथे भिंतीवर खूण, तिथून मोजून ६० मिमी वर दुसरी खूण. प्रत्येक बिंदूला सिमेंटचा ठिपका बसवला. मग अ पासून क पर्यंत दोरी ताणली आणि मला म्हणाले, "आ तमारी नीक." म्हणजे, ही तुमची नीक. शेतात पाणी नेणारी चारी, तिला गुजरातीत नीक म्हणतात. माझ्या स्प्लिट लाईनला त्यांनी एका शब्दात नाव दिलं. मी त्या दिवसापासून कागदावरही तेच लिहिते.

कोबा मार्चअखेर झाला, त्यावर पाणी साठवून ठेवलं, मग मोझॅक झाला. मेच्या उन्हात तिन्ही तोंडं आणि पनाळ पोत्यांनी बंद करून गच्ची दोन दिवस भरून ठेवली. खालच्या छताला कुठेही ओल आली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी पोती काढली. पुढचं पाणी नीकेतून वळत अ कडे निघालं, तळाशी मोझॅकचे पांढरे निळे तुकडे दिसत होते. दारासमोरची जागा सगळ्यांत आधी कोरडी झाली. मी तिथेच उभी होते.

अर्ध्या तासाने ब जवळ दोन ठिकाणी, हाताच्या पंजाएवढं पाणी शिल्लक दिसलं. मिस्त्रींनी खिशातून रुपयाचं नाणं काढून त्यात ठेवलं. एका जागी नाणं वर राहिलं, दुसऱ्या जागी बुडालं. पहिली जागा सोडून द्यायची, दुसरी नाही, हा त्यांचा नियम. तिथला ठिपका कोबा टाकताना कोणाच्या तरी पायाखाली दबला होता, मोजल्यावर ६० ऐवजी ५४ निघाला. त्यांनी तेवढे तुकडे छिन्नीने उचलले, खाली गिलावा भरला आणि नवे तुकडे बसवले. दुपारी बादलीभर पाणी ओतून पुन्हा नाणं ठेवलं.

मी कार्यालयात परतल्यावर मिस्त्रींनी नळीने मोजून सांगितलेले अकरा आकडे मॉडेलमध्ये भरले. दोन बिंदू दोन-तीन मिमीने इकडेतिकडे होते, बाकीचे जसेच्या तसे. त्यावर तारीख टाकून ती फाईल काकूंच्या घराच्या नावाने ठेवली आणि छापील प्रत त्यांच्याकडे दिली. ती त्यांनी जिन्याच्या दाराच्या आतल्या बाजूला, विजेच्या मीटरच्या कागदांशेजारी लावली आहे. जाळ्यांच्या तिन्ही जागा त्यावर लाल पेनने गोल केलेल्या आहेत.